कुल्लूच्या डिंकाची कुळकथा

पानगळ झाली की मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या खडकाळ डोंगरउतारांवर कुल्लू लांबूनच ओळखू येतो. पांढरीफटक, गुळगुळीत साल आणि तिचे सुटत आलेले कागदी पापुद्रे. महाराष्ट्रात याला कांडोळ म्हणतात. साल खाचली की झाड डिंक सोडते. तो वाळून खडे होतात आणि डबा उघडताच त्यांना व्हिनेगरचा वास येतो. सारे मर्म या आंबूसपणात आहे. डिंकाच्या लांबलचक शर्करा-साखळ्यांना जोडलेले अ‍ॅसिटिक आम्ल त्यातून हळूहळू सुटत राहते.

कराया या नावाने हा डिंक परदेशी गेला तो इराणी ट्रॅगाकांथ डिंकाला स्वस्त पर्याय म्हणून. ओल्या जागी फुगून घट्ट धरतो, म्हणून त्याची पूड कवळी बसवायलाही वापरू लागले. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद रुपर्ट टर्नबुल यांनी ती वेगळ्याच दुखण्यावर लावली. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मल बाहेर पडायला पोटावर तोंड करतात, त्याला स्टोमा म्हणतात. पाचकरसांनी त्याच्याभोवतीची कातडी सोलपटून निघायची. कराया ओल शोषून तिथे लेपासारखा बसे, आणि त्याची आम्लता जंतूंना मानवत नसे. सोललेल्या कातडीला भरून यायला उसंत मिळाली. स्वतः स्टोमा असलेल्या नॉर्मा गिल यांना टर्नबुल यांनी १९५८ मध्ये अशा रुग्णांच्या देखभालीसाठी नेमले आणि परिचर्येची एक नवी शाखाच उभी राहिली. हजारो माणसे त्यामुळे पुन्हा चारचौघांत वावरू लागली. मला हा या डिंकाचा सर्वांत मोठा पराक्रम वाटतो.

२०१३ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स विद्यापीठात विनोद पडिल आणि मिरोस्लाव चेर्निक यांनी करायाच्या द्रावणात कॉपर ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार केले. जखमा चिघळवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय, दोन्ही जंतूंवर त्यांचा मारा चालला. अर्थात हे यश प्रयोगशाळेतले. जंगलातला कच्चा डिंक कुणीही उघड्या जखमेवर लावू नये.

या कणांना तांबे आणि डिंक दोन्ही लागतात. आता बालाघाटकडे पाहा. मलाजखंडची तांब्याची मोठी खाण याच जिल्ह्यात आहे, आणि कुल्लूही. पण कुऱ्हाडीचे खोल घाव घालून डिंक ओरबाडल्याने कुल्लूची झाडे जागोजाग वाळून गेली. उथळ खाच आणि मध्ये विश्रांती एवढ्यानेही झाड जगते. इथल्या महाविद्यालयांनी आणि वनखात्याने आधी डिंक काढणाऱ्यांना ही रीत शिकवावी, त्यांना रास्त भाव द्यावा, आणि अशा कणांची जखमेवरची पट्टी बनवण्याचे पुढचे प्रयोग इथेच सुरू करावेत.