भोंग्याच्या जागी मनोरा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांत 'मुंबईला कुठे असता?' या प्रश्नाला एका पिढीचं उत्तर ठरलेलं होतं: 'गिरणीत.' वरी-नाचणीच्या उतारावर वर्षाचं धान्य निघत नसे. मग घरातला एखादा माणूस परळ-लालबागची वाट धरी. गावकीच्या खोलीत वळकटी, खाणावळीत जेवण, भोंग्याबरोबर कामाची पाळी आणि महिन्याकाठी गावी मनीऑर्डर, असा त्या चाकरमान्याचा संसार.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या आणि कापडापेक्षा त्यांच्या खालची जमीन महाग झाली.

या जमिनीसाठी १९९१ मध्ये नियम आला. ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली. गिरणीत मोकळी जागा ती किती असणार? लोकांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल वैध ठरवला.

लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर २०१० मध्ये ११७ मजली, ४४२ मीटर उंच मनोऱ्याची घोषणा झाली. विमानवाहतुकीच्या उंचीच्या नियमामुळे तो अखेर ७६ मजल्यांवर, २८० मीटरवर थांबला. म्हणजे नियम ठाम राहिला तर सर्वांत उंच बेतालाही खाली यावं लागतं. कामगारांच्या वाट्याचा नियम तसा ठाम राहिला नाही, एवढाच फरक.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली जून २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. घरं ६,९२५ आणि अर्जदार लाखाच्या वर. तोवर कितीतरी कामगार हयात नव्हते. वारसांनी ट्रंकेतून गिरणीचं जुनं तिकीट शोधून काढलं आणि अर्जाला जोडलं.

मनोरे उभे राहू नयेत, असं कोण म्हणेल? शहरं वाढतातच. पण पुढच्या वेळी नकाशा हाती आला, की मजले मोजण्याआधी एवढंच विचारावं: या जमिनीवर ज्यांनी घाम गाळला, त्यांचा वाटा यात कुठे दाखवला आहे?