विद्येचे यजमानपद

विद्वानांची परिषद भरविणे म्हणजे मांडव घालून पाहुण्यांची सरबराई करणे, असा आपला समज असतो. भाषाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदांचा इतिहास निराळे सांगतो.

पहिली परिषद 1928 च्या एप्रिलात हॉलंडमधील हेग येथे भरली. तेथे मायदेशाबाहेर राहणाऱ्या याकोबसन, त्रुबेत्स्कोय आणि कार्त्सेव्स्की ह्या तीन रशियनांनी मांडले की, ध्वनी सुटेसुटे पाहू नयेत. त्यांची परस्परांशी लागलेली व्यवस्था पाहावी. ‘काल’ आणि ‘गाल’ ह्यांत एकच ध्वनी बदलतो, पण अर्थ पालटतो; महत्त्व ह्या भेदाला आहे. याकोबसन तेव्हा अवघे 31 वर्षांचे होते.

पाचवी परिषद 1939 साली ब्रुसेल्सला ठरली. निबंध छापले गेले. पण युद्धाने गाठले आणि परिषद भरलीच नाही. त्रुबेत्स्कोय आदल्याच वर्षी व्हिएन्नात, नाझी पोलिसांनी घराची झडती घेतल्यानंतर थोड्याच काळात, निवर्तले होते. याकोबसन देशोदेशी आसरा शोधीत 1941 मध्ये न्यूयॉर्कला पोचले. सहावी परिषद पॅरिसला भरायला 1948 साल उजाडले.

नववी परिषद 1962 मध्ये अमेरिकेतील केंब्रिजला भरली. यजमान होते हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्यासंस्था. दोन्हीकडे याकोबसन प्राध्यापक होते. तेथे एक प्रमुख व्याख्यान 33 वर्षांच्या नोम चॉम्स्कींनी दिले.

यजमानपण परिषदेच्या दिवशी सुरू होत नाही. घर सुटलेल्या विद्वानाला जागा देणे आणि तरुणाला व्यासपीठ देणे, येथेच त्याचा पाया असतो.