नदीतलं नायट्रेट: कुणाचं आणि कधीचं?

१९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी एका विचित्र आजाराची नोंद केली. शेतावरच्या घरांतली तान्ही बाळं निळी पडत होती. त्यांचं वरचं दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं असे आणि त्या पाण्यात नायट्रेट फार होतं. बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा आहे, तिच्यामागे ही निळी बाळं आहेत.

विहिरीचा दोषी शोधणं त्या मानानं सोपं. गोठा किंवा शौचकूप जवळच असायचा. नदीचं तसं नाही. तिच्यात शेताचं, गोठ्याचं, गटाराचं सगळंच पाणी येतं आणि नायट्रेट कुठूनही आलं तरी दिसायला, चवीला सारखंच. मग ओळखायचं कसं?

इलिनॉय राज्यातल्या डेकेटर शहराला सँगमन नदीवरच्या तलावाचं पाणी मिळतं. भोवती मक्याची शेतं. तिथे बॅरी कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती वापरली. नायट्रोजनचे अणू दोन प्रकारचे, हलके आणि किंचित जड. रासायनिक खत हवेतल्या नायट्रोजनपासून बनतं, त्यामुळे त्यातलं या दोहोंचं प्रमाण हवेसारखंच असतं. मातीतल्या कुजकट भागात आणि शेणखतात जड अणू थोडे जास्त. हे प्रमाण मोजून १९७१ साली त्यांनी सांगितलं, की तलावातलं निदान ५५ टक्के नायट्रेट खतातून आलेलं आहे.

वादळ उठलं. कित्येक मृदाशास्त्रज्ञ म्हणाले, मातीतले जिवाणू हे प्रमाण वाटेतच बदलून टाकतात, मग असा आकडा काढायचा कसा? आक्षेपात तथ्य होतं. पुढे नायट्रेटमधल्या ऑक्सिजनचे अणूही मोजले जाऊ लागले आणि माग काढणं अधिक भरवशाचं झालं.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: नायट्रेट कधीचं? त्याचं उत्तर इंग्लंडच्या खडूच्या खडकात सापडलं. हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांमुळे १९६३च्या सुमारास पावसात ट्रिटियमचं प्रमाण शिगेला पोचलं होतं. काही वर्षांनी खडकात भोकं पाडून पाहिलं, तर ते पाणी जेमतेम काही मीटर खाली उतरलेलं! वेग वर्षाला साधारण एक मीटर. जिथे भूजल तीस-चाळीस मीटर खोल, तिथे नायट्रेटला पोचायला तितकीच वर्षं. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी इंग्लंडमधली गवताळ कुरणं नांगरली गेली. मातीत साठलेला नायट्रोजन तेव्हा मोकळा झाला आणि कित्येक दशकं खाली झिरपत राहिला. भूजलातून झऱ्यात आणि झऱ्यातून नदीत, असा त्याचा प्रवास.

युरोपनं १९९१ साली शेतातल्या नायट्रेटला आळा घालणारा कायदा केला, तेव्हा नदी लगेच सुधारेल अशी अपेक्षा होती. अशा खडकाच्या प्रदेशात ती फोल ठरणारच. म्हणून खत कमी करूनही नदीतलं नायट्रेट उतरलं नाही, तर उपाय वाया गेला असं घाईनं म्हणू नये. आणि सगळा दोष आजच्या शेतकऱ्याच्या माथीही मारू नये. त्याच्या आजोबांच्या नांगरटीचा हिशेब नदी आज मांडत असते. आपण आज जमिनीत जे घालू, त्याचा हिशेब नातवंडांपुढे येणार आहे.