केसरबाईंची भैरवी आणि तबकडीवरची सुई

१९७७ साली अवकाशात झेपावलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवलेली आहे. फोंडा तालुक्यातील केरी येथे जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी तिच्यात आहे, हे गोमंतकीयांना ठाऊक असते. तबकडीसोबत ती वाजवण्याची सुई आणि कार्ट्रिजही पाठवले आहे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. आवरणावर फिरण्याचा वेगही चित्ररूपाने कोरला आहे : एक फेरा ३.६ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे. सुई आणि वेग चुकला तर ऐकणाऱ्याच्या कानी निराळेच काही पडेल, याची जाणीव त्यामागे होती.

पृथ्वीवरच्या श्रोत्याला ही सोय क्वचितच लाभते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील जुने गायन एलपी, कॅसेट, सीडी आणि आता इंटरनेटवरून पुनःपुन्हा प्रकाशित झाले. पण ते कोणत्या प्रतीवरून, कोणत्या सुईने आणि किती वेगाने उतरवले याची नोंद बहुधा नसते. परिणामी एकच ध्वनिमुद्रण दोन पुनर्प्रकाशनांत दोन भिन्न कंठांचे वाटते आणि श्रोते दोष गायकाला देतात.

जुनी तबकडी लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची असे. मूळ मुद्रणावरून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटी ‘मदर’ आणि तिच्यावरून दाबयंत्रात बसवायचे साचे, अशी ही परंपरा होती. साचा झिजत जाई, म्हणून त्याच्या आरंभीच्या प्रती अधिक स्वच्छ वाजतात. १९०८ साली कोलकात्यात कारखाना निघण्यापूर्वी ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला दाबल्या जात. गायनाच्या शेवटी गायिका इंग्रजीत आपले नाव सांगते, ते तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून, असे सांगतात.

तबकडीतील दगडाची पूड पोलादी सुईला घासून खोबणीच्या आकाराची करी, म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याची सूचना असे. ती न पाळणाऱ्या घरांतील तबकड्यांच्या खोबणीच्या भिंती एका विशिष्ट उंचीवर झिजल्या आहेत. एलपीच्या सुईचे टोक साधारण २५ मायक्रॉन त्रिज्येचे, तर ७८ च्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉनचे लागते. बारीक सुई खोबणीच्या तळाशी घसरत जाते आणि तिथली धूळच ऐकवते. जाणकार निरनिराळ्या जाडीच्या सुया लावून भिंतीचा न झिजलेला पट्टा शोधतात. एखादी ‘खराब’ प्रत दुसऱ्या सुईने आश्चर्यकारक उजळते. या तबकड्या मोनो असल्याने स्टिरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या तरीही खरखर बरीच उतरते.

वेगाचा प्रश्न सर्वांत गंभीर. ‘७८’ हा आकडा उशिरा स्थिरावला. सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत बदलत असे. ७३.६ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजवली की स्वर बरोबर अर्ध्या स्वराने चढतो. काळी चारमधले गाणे पांढरी सहात ऐकू येते. केवळ पट्टी बदलली असती तर एक वेळ चालले असते, पण तान द्रुत होते, आलापातील विसावा आखडतो आणि आवाजाचा घेर पातळ होऊन कंठ बालिश वाटतो. जयपूर-अत्रौली गायकीत ज्या भरीव, मोकळ्या आकाराचे मोल आहे, तोच इथे हरवतो. अशा प्रतीवरून तान उचलणारा विद्यार्थी गायिकेच्या नव्हे, यंत्राच्या लयीशी झुंजत असतो. शेवटचे बोललेले नाव इथे कामी येते : बोलण्याचा आवाज अनैसर्गिक वाटला की वेग चुकल्याचे कळते. हार्मोनियमची पट्टी आणि त्याच गायकाची अन्य मुद्रणेही ताडून पाहता येतात.

आणखी एक कारण कानाला सहज कळत नाही. खोबणी रुंदावू नये म्हणून मुद्रणात खर्जाचा भाग दाबला जाई आणि वाजवताना तो परत उचलावा लागे. १९५४ च्या सुमारास आरआयएए हे प्रमाण सर्वमान्य होण्याआधी प्रत्येक कंपनीचे माप वेगळे होते. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर तेच प्रमाण लावून ७८ ची तबकडी वाजवली, की खर्ज फुगतो आणि वरचे स्वर मंदावतात.

पुनर्प्रकाशनातील ‘शुद्धीकरण’ तर दुधारी आहे. खरखर पूर्ण पुसण्याच्या हव्यासात तंबोऱ्याची जव्हारी आणि श्वासाची चाहूलही पुसली जाते. थोडी खरखर राहू दिलेले पुनर्प्रकाशन अनेकदा अधिक प्रामाणिक असते. मोनो ध्वनीला कृत्रिम स्टिरिओ करणाऱ्या काही एलपींनी तर गायकाला विहिरीत उभे केले.

व्हॉयेजरसाठी केसरबाईंची तबकडी मिळवणेही सोपे नव्हते. ती बाजारात दुर्मीळ झाली होती. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. म्हणून घरच्या माळ्यावरच्या तबकड्या भंगारात देण्यापूर्वी लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवरील कोरलेला क्रमांक टिपून ठेवावा. मुद्रणाची आणि पुष्कळदा साच्याची ओळख त्यातून पटते. तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख त्यात विरघळते.