बंदुकीचा कान

आज एका भोकाबद्दल बोलायचं आहे.

चकमकीच्या बंदुकीत नळीच्या मागच्या टोकाला, उजव्या अंगाला, साधारण दोन मिलिमीटरचं एक छिद्र असतं. जुन्या मराठीत त्याला कान म्हणत. गार पोलादावर आपटते, ठिणगी वाटीतल्या रंजकेवर पडते आणि तिचा जाळ कानातून आत जाऊन बार उडवतो. कान बुजला असेल तर नुसती रंजक जळते, आणि शिपाई शत्रूसमोर धूर बघत उभा.

काजळी काढायला शिपायाच्या पट्ट्याला तार आणि छोटा ब्रश लटकवलेला असे. झीज मात्र तारेने भरून येत नाही. दर बाराला तापलेला वायू तिथूनच सुटतो. कान रुंदावला की जोर वाया जातो, शेजारच्या गड्याला झळ लागते, ठासताना आतली दारू वाटीत उतरते. मग कारागीर ते छिद्र आणखी मोठं करून आत आटे पाडतो, धातूचा तुकडा पिळून घट्ट बसवतो आणि त्यात नवं बारीक छिद्र पाडतो. लंडनचे नामांकित बंदूककार शौकिनांसाठी हा तुकडा प्लॅटिनमचा बसवत, कारण त्याला गंज चढत नाही. शिपायाच्या नशिबी प्लॅटिनम कुठलं!

मी लेफ्टनंट असताना आमच्या कंपनीची एक एसएलआर फायरिंग रेंजवर सारखी अडत होती. कोतातल्या हवालदारसाहेबांनी गॅसचं बारीक छिद्र साफ करून दाखवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. तपासणीच्या कागदावर सही माझी होती.

आता हे सगळं दिल्लीत बसून का सांगतोय? नोएडाच्या सेक्टर ३८ मधल्या गोल्फ कोर्सवर एक दगडी स्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या भागात जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला. आपली हत्यारं जुनाट होती म्हणून आपण हरलो, असं मला पुष्कळ जण सांगतात. हे मला पटत नाही.

त्या दिवशी हाती लागलेल्या ६८ तोफांची तपासणी खुद्द इंग्रजांनी केली. पितळी तोफांवर मथुरा आणि उज्जैन इथल्या घडणीचे लेख होते, आणि काम कंपनीच्या तोफखान्याच्या तोडीचं होतं. काही चार पौंडी तोफांना तर आतून लोखंडी नळी होती. ठोकलेल्या लोखंडाच्या चार लांब पट्ट्या जुळवून ती केलेली, आणि तिच्यावर पितळ ओतलेलं. पितळ तापून मऊ पडतं, कान लवकर खातं. इथे कानाचं आतलं तोंड लोखंडात येतं. झीज कुठे होते हे त्या कारागिरांना नेमकं ठाऊक होतं. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस शिंद्यांसाठी चकमकीच्या बंदुकाही बनवत असे.

मग उणं कुठे पडलं? अलीगड पडल्यावर मुख्य सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्याच्या जागी आलेला लुई बोर्कीन लेकच्या घोडदळाची खोटी माघार खरी समजला. पलटणी आपली भक्कम जागा सोडून पुढे धावल्या आणि इंग्रजी पायदळाच्या संगिनींसमोर आल्या. तीन दिवसांनी बोर्कीननेही शरणागती पत्करली.

उरलेल्या पलटणी १ नोव्हेंबरला लासवारीला लढल्या, आणि तिथले गोलंदाज तोफांपाशीच पडले. ती लढाई पुढच्या भागात.