नगरपरिषदेचा ठराव: विषयपत्रिकेपासून कार्यादेशापर्यंत

राज्यातील लहान शहरांचा कारभार नगरपरिषदा आणि नगरपंचायती पाहतात. बोलण्यात आजही 'नगरपालिका' हाच शब्द रूढ असला, तरी कायद्यातील संज्ञा नगरपरिषद ही आहे. अशा २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये पार पडली. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झाले, काही ठिकाणचे २० डिसेंबरवर गेले आणि मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. त्यापूर्वी यांतील अनेक शहरांत तीन-चार वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. नळाला पाणी येत होते, घंटागाडी फिरत होती, जन्म-मृत्यूचे दाखले मिळत होते. मग नगरसेवक नसल्यामुळे नेमके काय थांबले होते, हा प्रश्न अनेकांना पडला. त्याचे उत्तर नगरपरिषदेच्या सर्वांत कंटाळवाण्या कागदांत, म्हणजे विषयपत्रिका, ठराव आणि इतिवृत्त यांत सापडते.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रातील नगरपरिषदांना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू आहे. राज्यनिर्मितीनंतर काही वर्षे मुंबई इलाख्यातून आलेल्या शहरांना १९०१ आणि १९२५ चे मुंबईचे कायदे, विदर्भाला मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९२२ चा कायदा आणि मराठवाड्याला हैदराबादचा १९५६ चा कायदा, असे वेगवेगळे नियम होते. १९६५ च्या अधिनियमाने ते एका सूत्रात आणले. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या नगरपरिषदा 'अ' वर्गात, चाळीस हजार ते एक लाख 'ब' वर्गात आणि त्याहून लहान 'क' वर्गात मोडतात. खेड्याचे शहर होत असताना मधल्या अवस्थेतील गावासाठी नगरपंचायत असते, आणि तिचे प्रभाग सतरा असतात. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने या संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, पाच वर्षांची मुदत निश्चित केली आणि ती संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक झाली पाहिजे, असे बंधन घातले. हे बंधन किती पाळले गेले, ते पुढे येईलच.

सभेचे कामकाज

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांच्या आत एकदा व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. सभेची सूचना आणि विषयपत्रिका सदस्यांना सात पूर्ण दिवस आधी मिळावी लागते. विशेष सभेला तीन दिवस पुरतात. सूचना कधी पोहोचली, कोणाच्या सहीने पोहोचली, यावरून होणारे वाद क्षुल्लक वाटतात. पण सभाच बेकायदा ठरली तर तिच्यातील सारे ठराव अडचणीत येतात. म्हणून नगरपरिषदेचा शिपाई सूचनेच्या नोंदवहीवर नगरसेवकाची सही घेतल्याशिवाय त्याच्या दारातून हलत नाही.

पहिला विषय बहुधा ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. नवखे सदस्य या विषयाकडे दुर्लक्ष करतात, मुरलेले मात्र याच ठिकाणी कान टवकारतात. सभेत काय बोलले गेले यापेक्षा इतिवृत्तात काय लिहिले गेले, यालाच पुढे किंमत असते. दोन महिन्यांपूर्वी तोंडी केलेला विरोध इतिवृत्तात उतरला नसेल, तर कागदोपत्री तो ठराव 'सर्वानुमते' संमत झालेला असतो. पुढे चौकशी लागली की 'माझा विरोध होता' असे सांगणाऱ्या सदस्याजवळ दाखवायला काहीच नसते.

त्यानंतर विषय क्रमांकाने येतात. प्रत्येक विषयाखाली कार्यालयाची टिपणी असते. मागील व्यवहार काय, खर्च किती, तो कोणत्या लेखाशीर्षातून होणार आणि नियम काय सांगतो, एवढे तिच्यात असावे लागते. चांगली टिपणी अर्धे पान भरते, वाईट टिपणी एका ओळीत संपते: 'सभेने निर्णय घ्यावा.' सूचक आणि अनुमोदक यांची नावे लागली की ठराव उभा राहतो. सर्वांत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असतात. सदस्यांना वाचायला वेळ न मिळता, सभेतील निम्मी मंडळी उठण्याच्या बेतात असताना, महत्त्वाचे विषय या सदरात शिरल्याच्या तक्रारी राज्यातील किती तरी शहरांत झाल्या आहेत. विषयपत्रिकेची सात दिवसांची अट ज्या हेतूने घातली, तो हेतू इथे निसटतो.

संमत झालेला ठरावही अंतिम नसतो. ठराव कायद्याबाहेरचा आहे किंवा लोकहिताला बाधक आहे असे दिसले, तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी तहकूब करू शकतात. विरोधी गटाचे पहिले अस्त्र हेच. सभागृहात बहुमत गमावलेला पक्ष दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज घेऊन उभा असतो.

महाडचा धडा

ठराव मंजूर होणे आणि तो अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान शहराच्या एका ठरावात केवढा अर्थ भरलेला असू शकतो, हे महाराष्ट्राने महाडमध्ये पाहिले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला, पण गावातील सवर्णांच्या विरोधामुळे तीन वर्षे त्या तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी लोक स्वतः करीत होते. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एक ठराव, तो रद्द करणारा दुसरा ठराव आणि दहा वर्षांची कोर्टकचेरी, असा हा हिशेब आहे.

ठरावानंतरचा प्रवास

आजच्या एखाद्या साध्या कामाचा प्रवास पाहू. प्रभागातील गटार बांधण्याचा विषय सभेत मंजूर झाला. अभियंता अंदाजपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता. निविदा निघते, दर उघडतात, दराला सभेची किंवा स्थायी समितीची मंजुरी घेतली जाते, ठेकेदाराकडून अनामत भरून घेतली जाते आणि कार्यादेश दिला जातो. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात आणि त्यांवर देयक निघते. या साखळीत ठरावाचा वाटा पहिल्या कडीचा. उरलेल्या कड्या प्रशासनाच्या हातात असतात. 'ठराव होऊन वर्ष झाले, गटार कुठे आहे?' असा प्रश्न नगरसेवक सभेत विचारतो, तेव्हा फाइल यांपैकी कुठल्या तरी टेबलावर असते, आणि ती नेमकी कुठे आहे हे शोधण्यात त्याची बरीचशी कारकीर्द जाते.

बांधकाम, आरोग्य व स्वच्छता, पाणीपुरवठा, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण अशा विषय समित्याही असतात. मोठ्या शहरांत त्यांना वजन असते. वीस-बावीस सदस्यांच्या सभागृहात मात्र त्या अनेकदा सभापतिपदे वाटण्यापुरत्या उरतात.

नगरपरिषदेचे खरे दैनंदिन काम पाणी आणि कचरा यांत आहे, आणि त्यावर सभेत चर्चा होते ती बिघाड झाल्यावर. वागदर्डी धरणावर अवलंबून असलेल्या मनमाडने उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांआड पाणी येण्याची वर्षे पाहिली. तिथल्या सभेत पाण्याशिवाय दुसरा विषय टिकणे अवघड होते. उलट कराडजवळच्या मलकापूरने २००० च्या दशकाच्या अखेरीस मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याचा मार्ग धरला. जास्त वापरणाऱ्याला चढा दर लावण्याचा निर्णय लहान गावात राजकीयदृष्ट्या सोपा नसतो. तो तिथे घेतला गेला आणि टिकलाही. स्वच्छतेतही लहान शहरांनी नाव मिळवले आहे. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील शहरांच्या गटात कराड, सासवड आणि लोणावळा हे पहिले तिन्ही क्रमांक महाराष्ट्राचे होते. २०२१ मध्ये विटा आणि २०२३ मध्ये सासवड पहिले आले. रोज सकाळी ओला आणि सुका कचरा वेगळा घेणारी गाडी वेळेवर येणे, एवढ्या साध्या शिस्तीवर हे यश उभे आहे.

पैसा कोणाचा?

१९९९ पर्यंत नगरपरिषदेचे मोठे उत्पन्न जकातीचे होते. त्या वर्षी नगरपरिषदांची जकात रद्द झाली. नाके गेले, काही गावांत बसथांब्याचे नाव तेवढे 'जकात नाका' राहिले. बदल्यात शासनाचे सहायक अनुदान येऊ लागले आणि त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या पगारात जातो. स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि बाजार वसुली एवढेच. घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. नोटिसा निघतात, हरकतींच्या सुनावणीला रांगा लागतात आणि 'वाढ रद्द करा' असा ठराव सभेत एकमताने होतो. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. मूळ करापेक्षा शास्तीच मोठी झालेली घरे अनेक शहरांत आढळतात.

वित्त आयोगाच्या निधीलाही बांध आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवली. रस्ते आणि सभागृहे यांसाठी शासनाच्या विविध योजनांतून निधी येतो आणि तो आणणाऱ्या आमदाराचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत असते. सभेने फक्त जागा सुचवायची, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. आपल्या पैशांतून काय करायचे हे ठरवण्याची सभेची मुभा अशी वर्षागणिक आकसत आली आहे.

नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी

नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडावा की नगरसेवकांनी, याबाबत राज्याचे मत वारंवार बदलले. २००१ मध्ये थेट निवडणूक आली, २००६ मध्ये ती गेली; २०१६ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये परत आणली गेली. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाकडे सभागृहात बहुमत नसेल, तर विषयपत्रिका एका गटाची आणि मतदान दुसऱ्याचे, अशी स्थिती होते. डिसेंबर २०२५ ची निवडणूकही याच पद्धतीने झाली. मुख्याधिकारी हा शासनाचा अधिकारी. ठराव अमलात आणणे त्याचे काम, आणि तो कायद्याविरुद्ध असेल तर तसे सांगणेही त्याचेच काम. दोघांचे पटले तर गावाला कळतही नाही. बिनसले तर धनादेशावर सही होत नाही आणि कंत्राटी सफाई कामगारांचे पगार अडतात.

प्रशासकाचा काळ

डिसेंबर २०२१ पासून एकेका नगरपरिषदेची मुदत संपत गेली. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका लांबल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. त्यानंतरही वर्ष सरत आले तेव्हा मतदान झाले. या काळात प्रशासक नेमले गेले. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होता, म्हणजे टिपणी लिहिणारा आणि तिच्यावर ठराव करणारा एकच माणूस.

काही नागरिकांना हा काळ बरा वाटला. गोंधळ नाही, वाद नाहीत, फाइल लवकर हलते, असे ते म्हणत. त्यात तथ्यही होते. पण ठरावाला सूचक नव्हता, विरोध नोंदवणारा नव्हता आणि इतिवृत्त कायम करताना 'हे असे ठरले नव्हते' म्हणणाराही नव्हता. आपल्या गल्लीतील बंद पथदिवा हा विषय म्हणून मांडण्यासाठी कोणाकडे जायचे, हे सामान्य माणसाला माहीत नव्हते. अर्ज आवक विभागात पडत आणि आवक क्रमांक मिळे.

या वर्षांत प्रशासकांनी केलेले ठराव नव्या सभागृहांवर आपोआप रद्द होत नाहीत. दीर्घ मुदतीची कंत्राटे, करवाढीचे निर्णय, गाळ्यांचे करार हे सारे त्यांच्याकडे वारसा म्हणून आले आहे. त्यांतील एखाद्याला हात घालायचा तर आधी तो ठराव वाचावा लागेल. नागरिकांसाठीही ती वाट खुली आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली कोणत्याही ठरावाची प्रमाणित प्रत मागता येते आणि इतिवृत्ताचे पुस्तक कार्यालयात बसून पाहता येते. अर्जात सभेचा दिनांक आणि विषय क्रमांक लिहिला, तर 'माहितीचा बोध होत नाही' हे उत्तर येण्याची शक्यता कमी होते.