रोबोक्राफ्ट

रोबोक्राफ्ट : घनाकृती सुटे भाग जोडून स्वतःचा रोबो घडवायचा आणि तो चालवत इंटरनेटवरून इतर खेळाडूंच्या रोबोंशी लढायचे, असा व्हिडिओ गेम. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ शहरातल्या फ्रीजॅम या स्टुडिओने तो तयार केला आणि प्रकाशितही केला. मार्च २०१३मध्ये त्याची अल्फा आवृत्ती खेळाडूंच्या हाती आली. ८ जुलै २०१४ रोजी तो स्टीम या विक्रीमंचावर ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ योजनेत दाखल झाला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पूर्ण आवृत्ती म्हणून जाहीर झाला. जानेवारी २०२५मध्ये स्टुडिओने आपले काम थांबवत असल्याचे सांगितले. या काळात आलेल्या अपडेटांनी गेमचे मूळ नियम अनेकदा बदलले. त्यामुळे रोबोक्राफ्टचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्याच्या अपडेटांचा इतिहास आहे, आणि खेळाडूने स्वतः घडवलेल्या वस्तूंवर अशा बदलांचा काय परिणाम होतो हे समजून घ्यायला तो फार मोलाचा आहे.

पार्श्वभूमी

यंत्रमानवांच्या झुंजी प्रथम प्रत्यक्ष आखाड्यात रंगल्या. १९९४मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘रोबोट वॉर्स’ ही स्पर्धा भरली. १९९८पासून याच नावाची मालिका बीबीसीवर दिसू लागली, तर अमेरिकेत २०००मध्ये ‘बॅटलबॉट्स’ दूरचित्रवाणीवर आली. याच सुमारास रोबो बांधून लढवण्याची कल्पना संगणकावरही उतरली. २००३मधील ‘रोबोट अरेना २’ या गेममध्ये सांगाडा, मोटारी, बॅटऱ्या आणि शस्त्रे निवडून यंत्र तयार करता येई.

पुढच्या दशकात दोन गोष्टी जुळून आल्या. ‘माइनक्राफ्ट’ने ठोकळ्यांतून हवे ते उभारण्याची गोडी जगभर पोहोचवली आणि ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ने मोफत खेळता येणाऱ्या सांघिक रणगाडा-लढाईचा साचा रूढ केला. रोबोक्राफ्टने या दोन प्रवाहांची सांगड घातली. मार्क सिमन्स यांच्यासह काही मोजक्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला छोटा स्टुडिओ, मोफत प्रवेश आणि खेळाडूंच्या देखत आकार घेणारा गेम अशी त्याची सुरुवात होती.

खेळाची रचना

गेमचे दोन भाग होते : गॅरेज आणि रणभूमी. गॅरेजमध्ये खेळाडू ठोकळे, तिरके तुकडे, दांडे आणि आधारपट्ट्या जोडून सांगाडा उभा करी. त्यावर हालचालीचे भाग बसवले जात : चाके, रणगाड्याचे पट्टे, कीटकासारखे पाय, दोन पायांवर चालणाऱ्या यंत्राचे पाय, होव्हर, पंख, थ्रस्टर, रोटर. शस्त्रांत लेझर, प्लाझ्मा लाँचर, लांब पल्ल्याची रेल कॅनन, जवळून कापणारे टेस्ला ब्लेड, विमानविरोधी शस्त्रे असे प्रकार होते. नॅनो डिसरप्टर हे साधन शत्रूला इजा करी आणि सहकाऱ्याचे तुटलेले भाग पुन्हा जोडून देई. ते बाळगणाऱ्याला खेळाडू ‘मेडिक’ म्हणत. प्रत्येक भागाला ‘सीपीयू’ या मापाची किंमत होती आणि रोबोची एकूण बेरीज ठरलेल्या मर्यादेतच बसवावी लागे. मंगळ आणि ग्लिझ ५८१ सी यांसारख्या ग्रहांची पार्श्वभूमी असलेल्या नकाशांवर लढाया होत.

इतर बहुतेक लढाऊ गेममध्ये इजा म्हणजे कमी होत जाणारा एक आकडा असतो. इथे इजा डोळ्यांना दिसे. गोळी लागलेला ठोकळा फुटे आणि त्याच्याच आधाराने जोडलेला भाग मुख्य सांगाड्यापासून तुटून गळून पडे. एका बाजूचे चाक गेले की गाडी ओढली जाई, पंख गेला की विमान कलंडे. बांधकामातली चूक लढाईत लगेच उघडी पडे.

यातून खेळाडूंनी स्वतःचे शास्त्र उभे केले. माराचा धक्का एका तुकड्यातून जोडलेल्या दुसऱ्या तुकड्यात जातो, हे ध्यानात आल्यावर तुकड्यांचे सांधे मोजके ठेवून धक्का रोखणारी किंवा वळवणारी जाळीदार रचना पुढे आली. तिला ‘ट्राय-फोर्सिंग’ म्हटले जाई. वस्तुमानाचा मध्य कुठे ठेवावा, थ्रस्टर किती वर बसवावा, बंदूक एकाच टेकूवर ठेवावी की दोन, अशा प्रश्नांची उत्तरे खेळाडू परस्परांना शिकवत. हे ज्ञान कोणी नियमावलीत लिहून दिले नव्हते. ते प्रयोगांतून जमले होते.

तांत्रिक बाजू

गेम युनिटी या इंजिनावर बांधला होता आणि विंडोज, मॅक व लिनक्स यांवर चालत असे. एका सामन्यात अनेक रोबो, प्रत्येकात शेकडो तुकडे आणि कोणताही तुकडा कोणत्याही क्षणी निखळण्याची शक्यता, हे तंत्रज्ञांपुढचे मोठे आव्हान होते. कोणता तुकडा कशाला जोडलेला आहे, एखादा फुटल्यावर काय सुटे होईल, वजन आणि तोल कसा बदलेल, हे सतत मोजावे लागे आणि सर्व खेळाडूंच्या संगणकांवर एकसारखे दाखवावे लागे. फ्रीजॅममधील तंत्रज्ञ सेबास्तियानो मंडाला यांनी विकसित केलेली ‘स्वेल्टो’ ही मुक्तस्रोत चौकट या कामातूनच नावारूपाला आली. तिच्यात वस्तूंची माहिती आणि त्या माहितीवर चालणारी प्रक्रिया वेगळी ठेवली जाते. युनिटी वापरणारे इतर विकासकही ती वापरू शकतात.

अपडेटांचे टप्पे

अर्ली अ‍ॅक्सेस ही योजना स्टीमने मार्च २०१३मध्ये सुरू केली. तिच्यात अपुरा गेम खेळाडूंच्या हाती देऊन त्यांच्या प्रतिसादानुसार तो पुढे नेला जातो. रोबोक्राफ्ट या पद्धतीत तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. नवे भाग, बदललेले आकडे, दुरुस्त केलेले दोष आणि पुढचे बेत यांची माहिती स्टुडिओ वेळोवेळी जाहीर करी.

आरंभीच्या आवृत्तीत रोबोमध्ये चालकाचे आसन असे. ते फुटले की रोबो संपला. साहजिकच त्या आसनाभोवती जाड कवच उभारणे हा बांधकामाचा गाभा होता. पुढे आसन काढून टाकण्यात आले आणि रोबोचा एकूण किती भाग शिल्लक आहे यावर त्याचे जगणे ठरू लागले. आकारांना मोकळीक मिळाली. पण आसन वाचवण्यासाठी विकसित झालेल्या अनेक रचनांचे प्रयोजनच उरले नाही.

सुरुवातीला प्रगतीचा मार्ग ‘टेक ट्री’मधून जाई. लढून गुण मिळवायचे, त्यांतून वरच्या श्रेणीचे भाग खुले करायचे आणि आपल्या श्रेणीच्या प्रतिस्पर्ध्यांशी लढायचे, अशी टियरची व्यवस्था होती. नवशिक्यांना तिचे संरक्षण होते. मात्र खेळाडू अनेक रांगांत विभागले जात आणि खालच्या श्रेणीतला रोबो वर गेल्यावर निरुपयोगी ठरे.

२०१५मध्ये ‘बॅटल अरेना’ हा सामन्याचा प्रकार आला. जुन्या प्रकारात प्रत्येकाला एकच आयुष्य असे. नव्या प्रकारात मैदानातील मोक्याच्या जागा ताब्यात घ्यायच्या, आपला तळ बळकट करायचा आणि रोबो नष्ट झाला तरी थोड्या वेळाने पुन्हा उतरायचे, असे ठरले. हरणाऱ्या संघाला सावरण्याची संधी देणारी ‘इक्वलायझर’ ही सोयही त्यात होती. सामना अधिक डावपेचांचा झाला, लांबलाही. पुन्हा उतरता येऊ लागल्यावर चिवट, काटकसरीने लढणाऱ्या रोबोंचे महत्त्व घटले आणि वेगाने जागा पकडणाऱ्यांचे वाढले. काही काळ मार न बसल्यास रोबो आपोआप दुरुस्त होण्याची सोय आली, तेव्हा मेडिकच्या भूमिकेचेही वजन बदलले.

२०१६मधील ‘फुल स्पेक्ट्रम कॉम्बॅट’ हा सर्वांत मोठ्या बदलांपैकी एक. त्याने टियरची उतरंड मोडली आणि रोबो रंगवण्याची सोय दिली. याच काळात एका रोबोवर अनेक प्रकारची शस्त्रे बसवता येऊ लागली. दिसण्याच्या दृष्टीने रोबोंना बहर आला : जहाजे, प्राणी, चित्रपटांतली वाहने, खेळाडूच्या मनात असेल ते. आपला रोबो इतरांसाठी मांडता येईल आणि इतरांचा घेता येईल अशी ‘फॅक्टरी’ गेममध्ये होती. तिच्यामुळे बांधण्यात रस नसलेल्यालाही चांगला रोबो मिळे आणि कुशल बांधकाम करणाऱ्याला नाव मिळे.

लूट क्रेटचा काळ

त्याच वर्षी आलेल्या ‘एपिक लूट’ या अपडेटने टेक ट्री काढून टाकला. आता सामन्यानंतर ‘लूट क्रेट’ ही बंद पेटी मिळे आणि तिच्यातून साध्यापासून दुर्मिळापर्यंत कोणतेही भाग निघत. नको असलेले भाग मोडून ‘रोबिट’ हे चलन मिळे व त्यातून हवे ते घडवता येई. पैसे भरणाऱ्यांना जास्तीच्या पेट्या मिळत.

जुन्या खेळाडूंचा मोठा वर्ग या बदलाने दुखावला, आणि त्यामागे सबळ कारण होते. रोबो बांधणे हे नियोजनाचे काम आहे. आधी आराखडा मनात येतो, मग त्याला लागणारे भाग जमवले जातात. पेटीने हा क्रम उलटा केला : आधी नशिबाने भाग यायचे आणि मग त्यांतून काय होईल ते पाहायचे. रोबिटमुळे वाट पूर्ण बंद झाली नव्हती, पण ती लांबली होती.

उद्योगातले वारेही फिरत होते. नोव्हेंबर २०१७मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मधील पेट्यांवरून मोठा गदारोळ झाला आणि एप्रिल २०१८मध्ये बेल्जियम व नेदरलँड्स येथील जुगार-नियामकांनी काही गेममधील अशा पेट्या कायद्याविरुद्ध असल्याचे म्हटले. रोबोक्राफ्टने २०१८मध्ये पेट्या काढल्या आणि टेक ट्री परत आणला. पूर्वीचा निर्णय इतक्या उघडपणे मागे घेणारे स्टुडिओ थोडे. फ्रीजॅमने ते धैर्य दाखवले, याची नोंद घ्यायला हवी. दरम्यान सोडून गेलेले सर्व खेळाडू मात्र त्यामुळे परतले नाहीत.

शाखा आणि पुढील गेम

एप्रिल २०१८मध्ये एक्सबॉक्स वनसाठी ‘रोबोक्राफ्ट इन्फिनिटी’ ही आवृत्ती आली. ‘पबजी’ आणि ‘फोर्टनाइट’ या शेवटी टिकेल तो जिंकेल अशा धर्तीच्या गेमच्या लाटेत त्याच वर्षी ‘रोबोक्राफ्ट रॉयाल’ही निघाली, ती अल्पायुषी ठरली. पुठ्ठ्याच्या जगात घडणारा ‘कार्डलाइफ’ आणि यंत्ररचनेवर भर देणारा ‘टेकब्लॉक्स’ हे याच स्टुडिओचे इतर गेम. लहान चमू अनेक कामांत वाटला गेला आणि मूळ गेममधील मोठे बदल विरळ होत गेले. २०२३मध्ये ‘रोबोक्राफ्ट २’ अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये दाखल झाला. त्याची नव्याने बांधणी हाती घेण्यात आली होती. ती पूर्ण होण्याआधीच स्टुडिओ थांबला.

याच कुळातील इतर गेमही लक्षणीय आहेत. टारजेम आणि गायजिन यांचा ‘क्रॉसआउट’ मे २०१७मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात भागांची खेळाडूंमधील खरेदी-विक्री हा अर्थव्यवहाराचा कणा आहे. ‘बिसीज’ २०१५ ते २०२० या काळात अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये वाढला. त्यात वेढ्याची यंत्रे बांधून किल्ले पाडायचे असतात आणि एकट्यानेही खेळता येते.

समाप्ती आणि जतनाचा प्रश्न

जानेवारी २०२५च्या घोषणेत रोबोक्राफ्टचे सर्व्हर बंद होणार आणि दुसऱ्या भागाचे काम थांबणार, हे दोन्ही स्पष्ट झाले. खेळाडूंचे रोबो, त्यांचे भाग आणि फॅक्टरीतील संग्रह सर्व्हरवर अवलंबून होते. गेममध्ये प्रवेशही त्याच मार्गाने होई. त्यामुळे सर्व्हरबरोबर गॅरेजही गेले.

बंद पडणाऱ्या ऑनलाइन गेमविषयीची चर्चा तेव्हा जोरात होती. मार्च २०२४अखेर ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद झाल्यावर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. विकत दिलेला गेम सेवा संपल्यावरही काही स्वरूपात खेळता यावा, ही तिची मागणी आहे. युरोपीय संघातील नागरिक-याचिकेने जुलै २०२५मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. रोबोक्राफ्ट मोफत असल्याने त्याचा प्रश्न थोडा वेगळा होता. त्याच्या खेळाडूंनी प्रवेशासाठी पैसे दिले नव्हते, पण श्रम आणि कल्पकता दिली होती. खरेदीदाराच्या हक्कांची भाषा या हानीला पुरेशी पडत नाही.

मूल्यमापन

रोबोक्राफ्टने बांधकाम आणि लढाई एकमेकांत इतकी गुंफली की, हरलेला खेळाडू नेमबाजीइतकाच आपल्या आराखड्याचाही विचार करू लागला. कोवळ्या वयातील अनेकांना वजन, तोल, आधार आणि मर्यादित साधनांचा मेळ यांचे धडे त्याने कोणतीही पाठ्यपुस्तकी सक्ती न करता दिले. हे त्याचे खरे यश होय.

त्याच्या अपडेटांतून मिळणारा धडाही तितकाच ठोस आहे. तयार पात्र घेऊन खेळायच्या गेममध्ये शस्त्राचा आकडा बदलला की खेळाडूला डावपेच बदलावे लागतात. बांधकामाच्या गेममध्ये नियम बदलला की कोणीतरी अनेक संध्याकाळी खपून घडवलेली वस्तू निकामी होऊ शकते. म्हणून अशा गेमच्या विकासकावर दोन जादा जबाबदाऱ्या येतात : मूलभूत नियम विरळ आणि पूर्वसूचनेनेच बदलणे आणि खेळाडूंचे आराखडे त्यांच्या स्वतःच्या संगणकावर उतरवून घेता येतील अशी सोय आरंभापासून ठेवणे. पहिलीने समुदायाचा विश्वास टिकतो, दुसरीने स्टुडिओ संपल्यावरही त्याची निर्मिती टिकते. पुढचा रोबोबांधणीचा गेम जो कोणी करील, त्याने या दोन गोष्टी पहिल्या अल्फा आवृत्तीतच कराव्यात.